आयर्विनचे फूट आणि आमचा उंबरा : पुराआधीच्या कामाच्या नोंदी

१६ एप्रिल २०२२

घर सांगलीत, कृष्णा नदीकडच्या सखल भागात. बैठं, स्लॅबचं, बाहेरून जिना आणि गच्चीवर पत्र्याची एक खोली. घरात आम्ही नवरा-बायको, कॉलेजात जाणारा मुलगा आणि सासूबाई. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे, गुडघे धरलेत, रोज इन्सुलिन लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घरात छातीपर्यंत पाणी होतं, २०२१ च्या जुलैमध्ये गुडघ्याच्या वर. दोन्ही वेळा सामान हलवायला सुरुवात झाली ती गल्लीत पाणी दिसल्यावर, आणि तोवर टेम्पो मिळेनासे झाले होते.

या नोंदी पूरपट्ट्यातच राहणाऱ्यांसाठी आहेत. घर विकून दुसरीकडे जाणं सगळ्यांना जमत नाही, आम्हालाही नाही. तेव्हा आहे त्याच घरात काय करता येतं ते लिहीत जाते.

पहिलं काम गच्चीवरची खोली रिकामी करण्याचं. जुने टायर, मोडका पाळणा, रंगाचे डबे, सगळं भंगारात गेलं. पूर आल्यावर वर न्यायचं म्हणतो ती जागाच अडगळीने भरलेली असेल तर पुढचं सगळं बोलणं फुकट.

२१ एप्रिल

आज गवंडीमामांकडून लेव्हलची नळी आणली. पारदर्शक प्लास्टिकची, आत पाणी भरलेली. दोन टोकांना पाणी नेहमी एकाच उंचीवर राहतं, म्हणून घरातल्या एका खुणेची उंची गल्लीतल्या दुसऱ्या जागी जशीच्या तशी नेता येते. बांधकामावर सगळे वापरतात, पुरासाठी कुणी वापरताना पाहिलं नव्हतं.

मला हवं होतं ते असं : कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाणी इतके फूट झालं की आमच्या दारात किती? बातम्यांत आणि मोबाईलवर येतात ते पुलावरचे फूट. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे सांगलीत पोरासोरांनाही पाठ आहे. पण माझ्या उंबऱ्याला ४५ फुटांचा अर्थ काय, हे कुणी सांगत नाही. ते आपलं आपणच काढावं लागतं.

घरात २०१९ चा डाग अजून आहे. देव्हाऱ्याच्या मागच्या भिंतीवर आम्ही मुद्दाम रंग दिला नव्हता. फरशीपासून तो ४ फूट २ इंच भरला. त्या पुराची पुलावरची कमाल पातळी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास होती, म्हणजे आमची फरशी ५३ फूट आणि वर थोडे इंच. २०२१ चा डाग १ फूट १० इंचांवर, आणि त्या वेळी पूल ५५ च्या आसपास. हिशोब जुळला. मग सासूबाईंना विचारलं, २००५ ला किती होतं? त्या म्हणाल्या, "घोटाभर. तुळशीचं वृंदावन बुडालं नव्हतं." २००५ ची पातळी पावणेचोपन्नच्या आसपास नोंदलेली आहे. तिसरी खूणही तिथेच बसली तेव्हा मला धीर आला.

नळीने पहिल्या खेपेला उंची चुकीची दाखवली. मधेच हवेचे बुडबुडे अडकले होते आणि दोन टोकांत चांगला बोटभर फरक पडत होता. गवंडीमामांनी नळी खांद्यावर टाकून टिचक्या मारत सगळी हवा वर काढली, पाण्यात चिमूटभर नीळ घातली म्हणजे रेघ दिसते, आणि मग मोजमाप बरोबर आलं.

२२ एप्रिल

आज फरशीची उंची गल्लीत नेली, आणि सगळी योजनाच बदलली.

फाटकाची पायरी फरशीपेक्षा दीड फूट खाली आहे. हे डोळ्यांना दिसतच होतं. पण गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते त्याच्या थोडं अलीकडे एक खोलगट जागा आहे, तिथे रोज गाडी चालवूनही ती कधी जाणवली नव्हती. ती फरशीपेक्षा पाच फुटांहून जास्त खाली निघाली. म्हणजे पुलावर ४८ फूट झाले की आमचं घर कोरडं ठणठणीत, आणि बाहेर पडायची वाट मात्र बंद. पुढे पाणी उंबऱ्याला लागायला आणखी पाच फूट चढायचं असतं. दोन्ही पुरांत आम्ही त्याच पाच फुटांत, "अजून आपल्याकडे आलेलं नाही" म्हणत बसून होतो.

त्यात गटाराचा चेंबर. शेजारच्या काकूंनी सांगितलं की नदीचं पाणी गल्लीत यायच्या आधी चेंबरचं झाकण उचलून गटाराचं पाणी उलटं येतं. शेरीनाल्यासारखे नाले नदी चढली की उलटे फिरतात, तोच प्रकार लहान प्रमाणात. चेंबरचं तोंड मोजलं, ते ४६ च्या आसपास बसतं.

तेव्हा आमच्यासाठी खरा आकडा घराचा नाही, वाटेचा आहे. ज्यांना ही नोंद वाचून काही करायचं असेल त्यांनी निदान एवढं करावं : घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची सगळ्यात खोल जागा शोधून तिची उंची काढावी. नळीचं भाडं नाही, मामांना अर्ध्या दिवसाची मजुरी दिली.

एक सावधगिरी. वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते, आणि तिकडून फुगवटा असला तर आकडे थोडे इकडेतिकडे होतात. म्हणून आम्ही सगळीकडे फूटभर सैल धरलं आहे.

३० एप्रिल

वायरमन आला. जमिनीपासून फूटभर उंचीवरचे सगळे प्लगपॉईंट काढून टाकले. दोन्ही पुरांनंतर त्यांत गाळ भरला होता आणि घर सुकल्यावरही आठवडेच्या आठवडे भिंतीला हात लावला की झिणझिण्या येत. आता सगळे बोर्ड साडेपाच फुटांवर, वायर वरून केसिंगमधून खाली. दिसायला बरं नाही, पण चालतं. खालचं घर आणि गच्चीवरची खोली यांचे एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप बंद होणारे स्विच) वेगळे केले, म्हणजे खालची वीज बंद करून वर एक दिवा आणि चार्जिंग चालू ठेवता येईल. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, म्हणजे वीज कुठे गळाली की सप्लाय आपोआप तोडणारा स्विच. साहित्य आणि मजुरी मिळून १४ हजारांच्या वर गेले.

मीटर बाहेरच्या भिंतीवर तीन फुटांवर आहे. त्याला सील असतं, त्याला आपण हात लावायचा नसतो. वर घेण्यासाठी अर्ज दिला आहे.

४ मे

आरसीसीबी सारखा पडतोय, म्हणजे आपोआप बंद होतोय. आधी संध्याकाळी एकदा, मग दिवसातून कितीतरी वेळा. वायरमनने नवीन वायरिंग पुन्हा तपासलं, एकेक सर्किट काढून पाहिलं, काही सापडेना. ह्यांचं म्हणणं पडलं की तो काढूनच टाकू. मी नको म्हटलं. वीज गळत असेल म्हणूनच तो पडतो, तो काढला की गळणं थोडंच थांबणार.

९ मे

सापडलं. बोअरच्या मोटरची केबल. अंगणातून पाईपमधून जाते, तो पाईप २०२१ च्या पुरात गाळाने भरला होता आणि आत एका जोडावरची टेप सडली होती. जोड ओला झाला की करंट जमिनीत जात होता. म्हणजे गेलं जवळजवळ वर्षभर अंगणात हे चालू होतं, आणि सासूबाई रोज तिथेच तुळशीला पाणी घालतात. केबल अखंड नवीन टाकली, जोडच ठेवला नाही. त्यानंतर आरसीसीबी पडलेला नाही.

पूर येऊन गेलेल्या घरात आरसीसीबी नसेल तर बाकी सगळं सोडून आधी तो बसवा.

१५ मे

संडास आणि मोरी. २०२१ ला पुढच्या दारातून पाणी यायच्या आधी संडासच्या भांड्यातून घाण वर आली होती. त्यासाठी बाहेरच्या चेंबरमध्ये उलटं पाणी अडवणारा झडपेचा व्हॉल्व्ह बसवला. प्लंबरने बसवून झाल्यावर चाचणी घेतली. बाहेरच्या बाजूने चेंबरमध्ये होजने पाणी भरत गेलो, आणि ते आत झिरपताना दिसलं. झडप काढून पाहिली तर कडेला सिमेंटचा खडा अडकला होता. काढला, रबराची कड पुसली, पुन्हा भरलं, थांबलं. मग जागाच बदलून घेतली : व्हॉल्व्ह आता अशा ठिकाणी आहे की झाकण उघडून हाताने झडप साफ करता येते. दर महिन्याला पाहावं लागणार, कारण एखादा केसांचा गुंता अडकला तरी तो उघडा राहतो. आणि झडप बंद असताना संडास वापरायचा नाही, कारण तेच पाणी बाहेर जायला वाट नसते.

मोरीच्या भोकासाठी सुताराकडून लाकडी बूच करून घेतलं, ओलं फडकं गुंडाळून ठोकायचं. संडासच्या भांड्यासाठी वाळू भरलेली गोणी.

दाराला वाळूच्या गोण्यांची भिंत घालावी असं ह्यांच्या मनात होतं. गवंडीमामांनी मोडता घातला : "फूटभर अडवा, त्याच्या वर नको. भिंत आत बसंल." त्यांचं खरं आहे. बाहेर एक मीटर पाणी आणि आत कोरडं असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण ५०० किलोचा रेटा येतो, आणि आमची भिंत जुनी, मातीत बांधलेली विटांची आहे. म्हणून ठरलं ते असं : घोटाभर पाणी अडवायचं, त्यापुढे यायला लागलं तर दारं उघडी सोडायची.

२२ मे

सिलिंडर. २०१९ ला शेजारचा सिलिंडर तरंगत कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे गेला होता, तोही भरलेला. रिकामाच तरंगतो असं आम्हाला वाटे. हिशोब केला : टाकीचं वजन १५-१६ किलो, गॅस १४.२ किलो, मिळून ३० च्या आसपास. आत ३३ लिटरची जागा आणि वर पत्र्याची जाडी, म्हणजे तो बुडाला तर ३५ लिटरच्या आसपास पाणी हटवतो. तेव्हा भरलेलाही वर येणारच. रेग्युलेटर जोडलेला असताना तो उचलला गेला तर नळी ताणून गॅस सुटतो. आता दोन्ही सिलिंडर रेग्युलेटर काढून, टोपी लावून, जिन्याच्या कठड्याला साखळीने बांधायचे. साखळी आणि कडी आजच लावून ठेवली.

हाच नियम पाण्याच्या टाकीला. रिकामी सिंटेक्स टाकी जागा सोडते, पाईप मोडून जाते. पूर यायच्या आधी टाकी पूर्ण भरायची. वजनाने ती बसून राहते आणि परत आल्यावर फरशी धुवायला स्वच्छ पाणी मिळतं. २०२१ ला परतल्यावर सगळ्यात जास्त अडलं ते पाण्यावाचून. गाळ ओला असतानाच काढावा लागतो. एकदा वाळला की फरशीला असा चिकटतो की खुरप्याने निघत नाही.

२९ मे

फ्रीज गच्चीवर न्यायची रंगीत तालीम. जिन्याच्या वळणावर अडकला. आडवा केला, दार काढलं, तरी नाही. कप्पी लावून गच्चीवरून ओढायचा विचार झाला, पण कठडा कच्चा आहे. फ्रीज, वॉशिंग मशीन आणि सासूबाईंचा पलंग, या तिन्ही वस्तू वर जाणार नाहीत हे आजच कळलं हे बरं झालं.

पर्याय एकच : विश्रामबागला धाकट्या नणंदेकडे न्यायच्या. तो भाग उंचावर आहे. ओळखीच्या टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलं. तो म्हणाला, "ताई, चाळीस फूट झाले की माझ्या मागं पन्नास जण असतात. अडतीसच्या आत फोन करा, येतो." त्याचं बोलणं मी आकडा म्हणूनच लिहून घेतलं.

यावर घरात वाद झाला. ह्यांचं म्हणणं, ३८ ला निघालो तर बऱ्याच वेळा पाणी तिथूनच उतरेल आणि दोन्ही बाजूंचं भाडं वाया जाईल. हिशोब केला : जाऊन-येऊन तीन हजार. २०१९ ला फ्रीज, मशीन, गाद्या, कपाट आणि मुलाची पुस्तकं गेली, ते सगळं मिळून सव्वा लाखाच्या पुढे. असे तीन हजार कितीही वेळा वाया गेले तरी मला चालतील. शेवटी ह्यांनीही मानलं.

५ जून

कागदपत्रं. आधार, गुणपत्रकं, गाडीची कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये टाकली. घराचं खरेदीखत, सोनाराच्या पावत्या आणि विम्याचे कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत, हवा काढून, एका रुंद तोंडाच्या स्क्रूच्या बरणीत. स्टँपपेपर लॅमिनेट करू नका, पुढे नोंदणीला अडतं. तळमजल्यावरच्या बँकेचं लॉकरही पुरापासून सुरक्षित धरू नका.

घराचा विमा उतरवला, 'भारत गृह रक्षा'. १ एप्रिल २०२१ ला ही ठरावीक पॉलिसी देणं सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक झालं होतं. पूर त्यात येतो, आणि इमारतीच्या विम्याच्या २० टक्के रकमेपर्यंत, कमाल १० लाख, घरातल्या सामानाचं संरक्षण आपोआप मिळतं. सामानाची वेगळी यादी द्यावी लागत नाही. तरी मुलाने प्रत्येक खोलीतून फिरत, कपाटं उघडून व्हिडिओ काढला, कारण पंचनाम्याच्या वेळी काय होतं हे दाखवायला तोच उपयोगी पडतो.

१२ जून

सासूबाईंच्या सामानाची पिशवी. वापरात असलेली इन्सुलिनची कुपी साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर चालते, हे डॉक्टरांना विचारून पक्कं केलं. न उघडलेल्या कुप्या मात्र गार ठेवाव्या लागतात. वीज गेली तर त्यांच्यासाठी लहान माठ आहे. आत कुपी प्लास्टिकच्या डबीत, माठाभोवती ओलं फडकं. सोबत ग्लुकोमीटर, पट्ट्या, साखरेच्या पुड्या, चष्मा, काठी आणि गोळ्यांची चिठ्ठी मोठ्या अक्षरांत. आमच्यासाठी वेगळं : ओआरएस, क्लोरीनच्या गोळ्या, गमबूट, काठीला बांधलेली बॅटरी. परत आल्यावर पहिल्यांदा घरात शिरताना काठी हवीच, कपाटामागे साप बसलेले असतात. गाळात काम करायचं तर लेप्टो (पुराच्या पाण्या-गाळातून होणारा ताप) टाळायच्या गोळ्यांसाठी आधीच दवाखान्यात विचारायचं, पायाला जखम असेल तर गाळात उतरायचंच नाही.

खरी अडचण पिशवीची नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही जा. मी गच्चीवर राहीन. देव सोडून मी कुठं जायची?" २०१९ ला देवाचे टाक गाळातून शोधून काढले होते, ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही. दोन दिवस मी काही बोलले नाही. मग स्टीलचा एक घट्ट झाकणाचा डबा आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "आई, देव आधी निघतील, तुमच्या मांडीवर बसून. मग आपण." त्यांनी स्वतः डब्यात तांबडं कापड अंथरलं, टाक, बाळकृष्ण, शंख एकेक ठेवून पाहिलं, झाकण लावून हलवून पाहिलं. वाजतंय म्हणून आणखी एक कापड घातलं. डबा आता देव्हाऱ्याखालीच असतो.

१९ जून

तालीम. लाकडी खुर्चीवर बसवून, कमरेला ओढणी बांधून, ह्यांनी आणि मुलाने सासूबाईंना फाटकापर्यंत नेलं. प्लास्टिकची खुर्ची आधी वापरली होती, तिचे मागचे पाय दुमडायला लागले, लगेच बदलली. खोलगट जागेतून चालत गेलो आणि तिथल्या विजेच्या खांबावर मुलाने पांढऱ्या रंगाची आडवी रेघ मारली : फरशीची उंची. ती माझ्या डोक्याच्या बरोबरीने आहे. बघितल्यावर ह्यांनी ३८ चा वाद पुन्हा काढलेला नाही.

बोटीची वेळ येऊ द्यायची नाही, हे आमचं ठरलेलं आहे. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली आणि काठाच्या इतक्या जवळ माणसं गेली. तेव्हापासून बोट म्हटलं की सासूबाई डोळे मिटतात.

२६ जून

अजून म्हणावा तसा पाऊस नाही. कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला. पुलावर ३० फूट : मोबाईल, बॅटऱ्या चार्ज, औषधं भरून घ्यायची, व्हॉल्व्ह तपासायचा. ३५ : टेम्पोवाल्याला फोन, टाकी भरायची, पुस्तकं-कपडे गच्चीवर. ३८ : टेम्पो, सासूबाई आणि मी विश्रामबागला. ४० : गाड्या बाहेर, सिलिंडर साखळीला, खालची वीज बंद. ४३ : कुलूप लावून सगळे बाहेर, मग कुणीही काही आणायला परत जायचं नाही.

फूट पाहताना सोबत कोयना धरणाच्या क्षेत्रातला, म्हणजे कोयना, नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस पाहायचा. २०२१ ला महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पडला होता आणि धरणाखालच्या ओढ्यांचंही पाणी आलं. त्यामुळे धरणातून किती क्युसेक सोडले एवढंच बघून भागत नाही. वर जोराचा पाऊस, विसर्ग वाढवल्याची बातमी आणि संध्याकाळी पूल ३४ च्या वर असेल, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच ३८ ची कामं करायची. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आणि ११२ कागदावर वर लिहिलेत.

राहिलेलं : मीटरचा अर्ज अजून तसाच आहे, दर सोमवारी विचारते. आरसीसीबीचं टेस्टचं बटण १ तारखेला दाबायचं. गल्लीतल्या इतर पाच घरांची उंची मुलगा आणि त्याचा मित्र पुढच्या रविवारी नळीने काढणार आहेत, काकूंच्या घरापासून सुरुवात.